मोरीतला बदलीवाला

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नावगाव विचारण्याआधी माझ्या ट्रंकेवर हातोडी मारून पाहिली. लांब दांड्याची, लहान डोक्याची हातोडी. एकदा टक् केलं, मान तिरकी करून कान दिला, पुन्हा टक् केलं आणि म्हणाले, "उजवी बिजागरी ढिली हाये. बाकी माल ठीक." मग त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. आता आपल्या डोक्याचा नंबर, असं मला वाटलं. पण डोक्यावर त्यांनी नुसतीच नजर टाकली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी अमळनेरकडचा, केमिस्ट्रीचा बी.एस्सी., सुरतजवळ कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये नुकताच लागलेलो. व्यापारी कापडाची बोटभर कतरण टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, "आवोज कलर जोईए." अगदी तोच रंग काढून द्यायचा, हे माझं काम. त्या वयात मला असं वाटायचं की जगातली कुठलीही वस्तू समोर ठेवा, तिच्यात पिवळा किती, लाल किती, निळा किती हे मी सांगेन. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही मी नवरीच्या आधी तिच्या शालूची शेड पाहिली होती. ते तिनं मला अजून माफ केलेलं नाही.

मिल कडोदऱ्याला आणि खोली नवागामात. पाच खोल्यांची बैठी चाळ, समोर नळ, कडेला एक संडास. मालक रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे भुसावळकडचे. नोकरी सगळी चावीवाला म्हणून. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरांना चाव्या म्हणतात. गाडीच्या हादऱ्यानं त्या ढिल्या होतात. म्हणून चावीवाल्यानं रोज आपल्या वाट्याची मैलोगणती लाईन पायी चालायची, एकेक चावी बघायची, ढिली दिसली की ठोकायची. डांगच्या जंगलात जाणाऱ्या छोट्या लाईनीवर ह्या माणसानं हे तीसेक वर्षं केलं. चाळीत सगळे त्यांना चावीवाले काका म्हणत. त्यांचं खरं नाव मी लाईटबिलावर वाचलं तेव्हा मला ते कुणा परक्याचं वाटलं.

रिटायर झाले, पण हातोडी सुटली नाही. भिंत, पलंगाचा पाय, गॅसची टाकी, नवीन माठ, सगळ्याला टक्. "वस्तू बोलते. आपण ऐकाले पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. टरबूजवाल्याच्या हातगाडीपाशी ते उभे राहिले की तो बिचारा दोन्ही हात पसरून टरबुजांवर आडवा व्हायचा. त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी म्हणायच्या, "मले पाहाले आले तव्हा नोकरी नव्हती लागेल. नाई तं मलेबी ठोकून पाह्यलं असतं."

चालणंही तसंच राहिलेलं. स्लीपरावरून चालायची सवय, त्यामुळे रस्ता कितीही मोकळा असला तरी पावलं आखूड आणि अगदी एकसारखी. आम्ही बाजारात निघालो की मी पुढे जाऊन थांबायचो, ते मागून एका लयीत येत राहायचे. कधी घाई केली नाही आणि कधी उशीरही केला नाही.

संडासाच्या रांगेवरून चाळीत भांडणं व्हायची, त्यावर काकांनी रेल्वेचा उपाय काढला. दारावर दोन खिळे आणि दोन झेंड्या. आत जाताना लाल टांगायची, बाहेर आलं की हिरवी. एकदा तिसऱ्या खोलीतला लूमवाला बाहेर पडताना झेंडी बदलायला विसरला आणि तसाच पाळीला निघून गेला. अख्खी चाळ अर्धा तास रिकाम्या संडासापुढे उभी! दार ढकलून पाहायची कुणाची हिंमत नाही. काका स्वतः डबा घेऊन रांगेत तिसरे. मी म्हटलं, "काका, आत कोणी नाहीये हो." ते म्हणाले, "मलेबी समजून राह्यलं. पण लाल म्हणजे लाल." शेवटी कुणीतरी सायकलवरून जाऊन लूमवाल्याला मशीनवरून उठवून आणलं. त्यानं झेंडी बदलली तेव्हा कुठे वाहतूक सुरू झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

माझी खोली टोकाची. तिचं मागचं दार एका मोरीत उघडायचं आणि काकांच्या घराचंही त्याच मोरीत. मोरीच्या कडेला एक जुना लाकडी स्लीपर आडवा टाकलेला. रिटायर होताना काकांनी तो भंगारातून मागून आणला होता, बसून आंघोळ करायला. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ट्रंक ठेवून झाली, तेव्हा काका म्हणाले, "पाच मिनिटं थांब. बदलीवाल्याची ड्यूटी चालू व्हायची वेळ झाली."

मी पाहत होतो दाराकडे. काका पाहत होते स्लीपरकडे. त्या लाकडाला मधोमध एक भेग होती. भेगेतून आधी दोरा बाहेर आला. काळसर, शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक, वीतभर लांब. तो इकडे टेकला, तिकडे टेकला. मग दुसरा आला. आणि मग त्या दोऱ्यांच्या मागोमाग जे काही बाहेर आलं ते बघून मी ओल्या मोरीत उलटा चालत काकांच्या स्वयंपाकघरात पोचलो. मावशींनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. आधीच्या भाडेकरूंवरून त्यांना अंदाज होता.

तो प्राणी पोळपाटावर लाटल्यासारखा चपटा होता. अंग जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढं, पण पाय पसरले की ताटली झाकेल. तोंडापुढे काटेरी हात दुमडलेले. सरळ चालायचंच नाही, खेकड्यासारखं आडवं सरकायचं. मी दारातून ओरडलो, "काका, विंचू!"

"नांगी कुठी हाये?"

"मग कोळी!"

"कोळी जाळं विणतो. याले विणता येत नाई," काका शांतपणे म्हणाले. "सुरतमधी राहून विणत नाई असे आम्ही दोघंच."

पुढे एका झूऑलॉजीच्या मास्तरांनी मला सांगितलं की हा कोळी-विंचवांच्याच भावकीतला, जंगलात पालापाचोळ्याखाली, दगडांच्या सांदीत राहणारा. त्याला विष नसतं. पुढचे दोन पाय चाबकासारखे असतात म्हणून इंग्रजीत त्याचं नावही चाबकावरूनच पडलंय. काकांना यातलं काही माहीत नव्हतं आणि सगळं माहीत होतं. स्लीपर घरी आणला त्याच्या आठवड्यानंतर त्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. जंगलातून स्लीपरबरोबर फुकटात आला होता. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी पाट टाकून बसत.

"पाय आठ, पण चालतो सहावर," ते मला समजावून सांगत. "हे पुढचे दोन टेकाले नाईच. हातोडी हाये ती. चार बोटं पुढचं आधी ठोकून पाहायचं, मंग पाय टाकायचा. रोज त्याच वाटेनं जातो, तीच भिंत, तोच कोपरा, अन् पहाटे आपल्या भेगेत परत. एक दिवस खाडा नाई. मी रिटायर झालो तं सरकारनं माझ्या जागी बदलीवर पाठवला."

काका रोज सकाळी वंदना म्हणणारे, पंचशील पाळणारे. मी एकदा खोडी काढली, "काका, तुम्ही मुंगी मारत नाही आणि हा तर रोज झुरळं मारतो. मग पहिल्या शीलाचं काय?" त्यांनी थोडा वेळ विचार केला. "मी रिटायर हाये," म्हणाले. "तो ड्यूटीवर हाये."

खोली देताना एकच अट होती: बदलीवाल्याला धक्का लागता कामा नये. आधीच्या भाडेकरूच्या बायकोनं त्याला पाहून मोरीत फिनेलची अख्खी बाटली ओतली होती. काकांनी तो स्लीपर खांद्यावर उचलून आठ दिवस आपल्या पलंगाखाली ठेवला आणि त्या जोडप्याला हात जोडून दुसरीकडे पाठवलं. तेव्हापासून कुटुंबवाला भाडेकरू नाही, म्हणजे नाही. बायामाणसं म्हणजे फिनेल, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि माझी गाडी तिथंच अडली होती. माझी बायको आणि वर्षाची मुलगी गावाला. महिन्यातून एकदा मी जायचो. मुलगी मला पाहून रडायची, आईच्या खांद्यात तोंड खुपसायची. मी निघायच्या दिवशी ती जरा माझ्याकडे यायला लागायची आणि मी पिशवी उचलायचो. बायकोचं पत्र आलं, त्यात एकच ओळ अहिराणीत होती, "पोर आते तुमले वळखस नही." ती चिडली की अहिराणीत लिहायची, आणि फार दुःखी असली तरी. सुरतेत दुसरी खोली शोधायला मी तीन महिने फिरलो होतो, परवडणारी एकही मिळाली नव्हती. बापाला न ओळखणारी मुलगी, ही गोष्ट मला छातीत दुखायची. शेवटी धीर करून मी काकांना विचारलं.

"दिवाळीपर्यंत पाहतो," काका म्हणाले.

"काय पाहता?"

"तुले."

मग मी बदलीवाल्याची सेवा सुरू केली. सुरुवात निव्वळ स्वार्थातून झाली, हे कबूल करतो. मिलच्या कँटीनमधली झुरळं मी रंगाच्या रिकाम्या बाटलीत पकडून आणायचो. कँटीनवाल्यानं विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "शेड मॅचिंगला." त्याचा माझ्यावरचा विश्वास त्या दिवशी वाढला. आणि मग हळूहळू मलाही संध्याकाळी पाट टाकून बसायची सवय लागली. तो चाबकाच्या टोकानं झुरळाला इतक्या हलकेच चाचपायचा की झुरळाला पत्ता नसायचा. मग दुमडलेले हात फटकन उघडायचे. काका म्हणायचे, "पाह्यलं? आधी खात्री, मंग ठोका."

दिवाळीला दहा दिवस राहिले होते. मिलमध्ये साड्यांची झुंबड. माझे हात कोपरापर्यंत राणी कलरचे. डाइंगवाल्यांकडे ह्याला एक इलाज असतो, तो म्हणजे हायड्रो. चढलेला रंग कापडावरून उतरवायची ती पावडर. वास सडक्या अंड्यांच्या जवळपासचा, पण डाग असा पळतो की विचारू नका. मी एक पुडी घरी आणली, मोरीत मगभर पाण्यात कालवली, हात धुतले आणि उरलेला मग स्लीपरच्या कडेला ठेवून झोपलो.

पहाटे मोरीत गेलो तर तो मग आडवा पडलेला. पाणी स्लीपरवरून वाहून गेलेलं. आणि भेगेच्या तोंडाशी बदलीवाला बसलेला. पांढरा.

पांढरा म्हणजे अगदी पांढराही नाही. फिकट हिरवट, कच्च्या काकडीच्या गरासारखा. काटे पांढरे, चाबूक पांढरे. दुसरा कुणी असता तर त्यानं सापाची कात आठवली असती, झुरळाची आठवली असती, निदान कुणाला तरी विचारलं असतं. मी डाइंगचा माणूस. मी हायड्रोचा मग पाहिला, पांढरा प्राणी पाहिला, आणि माझ्या शास्त्रशुद्ध डोक्यानं निकाल दिला: शेड उतरली.

गेली खोली, गेली दिवाळी. आणि खोटं कशाला बोलू, त्या घाबऱ्या अवस्थेतसुद्धा माझं मन रेसिपी जमवत होतं. मूळ रंग कॉफी ब्राउन. पिवळा जास्त, लाल त्याहून कमी, निळा चिमूटभर. पण पॉलिएस्टरला रंग चढवायला कडक उकळतं पाणी लागतं. तो विचार मी तिथंच सोडला.

तीन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. सकाळ-संध्याकाळ बॅटरी घेऊन मोरीत उकिडवा बसायचो. काका नेहमीसारखे यायचे, वाकून पाहायचे, "हं" म्हणून जायचे. त्यांची नजर आता कमी झाली असावी, असा मी अर्थ लावला. आणि गंमत अशी की दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर बदामी झाक आली. ट्यूबलाईटचा दोष असेल म्हणून मी उन्हात आरसा धरून कवडसा पाडून पाहिलं. बदामीच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो भेगेतून बाहेर आला तो पहिल्यासारखा कॉफी ब्राउन, उलट जरा जास्तच गडद. हायड्रोनं उतरलेली शेड आपोआप परत आलेली मी तरी कधी पाहिली नव्हती.

त्याच संध्याकाळी काका ओट्यावर हातोडीच्या दांड्याला तेल चोळत बसले होते. मला हाक मारली. "बायकोले बोलाव," म्हणाले. "दिवाळीच्या आत आण. पाह्यलं मी तुले. चालशील."

मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. तो मग मी धुतलेला होता, वास गेला होता, रंग परत आला होता. कुणालाही काही कळायचं कारण नव्हतं. मी "बरं काका" म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "काका, बदलीवाल्याचा रंग मी उडवला होता."

मग थांबता येईना. हायड्रोचा मग, पांढरा, बदामी, सगळं सांगितलं. रेसिपीसुद्धा सांगितली. मावशी दारात येऊन उभ्या होत्या, त्या रेसिपीपाशी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. काका हसले नाहीत. दांडा भिंतीला टेकवून आत गेले आणि एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण उघडलं. आत कापसावर सहा बदलीवाले ओळीनं पडलेले. चाबकांसकट, काट्यांसकट.

"काका! हे मेले?"

"उचल एक."

उचलला. कांद्याच्या सालीएवढंसुद्धा वजन नव्हतं. आत पोकळ.

"कात हाये," काका म्हणाले. "छताले उलटा लटकतो अन् जुना कोट उतरवतो. ही सहावी, परवाची. तू उठायच्या आधीच मी काढून घेतली. नवा निंघला का असाच कच्चा असतो. तीन दिवसांत पक्का होतो. तू कायचा उडवतो त्याचा रंग! त्याचा तं अजून चढायचा होता."

मी डब्याकडे पाहत राहिलो. माझी बी.एस्सी. त्या कापसावर सातवी पडल्यासारखी वाटली. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"तुझा मगबी पाह्यला. वासबी आला. तू बॅटरी घेऊन कायले बसून राह्यला तेबी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी माझ्या हातातली कात परत डब्यात ठेवली. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागले. "नोकरीले तीन वर्सं झाले व्हते. जंगलातली लाईन. अंगात ताप. शेवटचा पाव मैल मी चाललोच नाई. परत येऊन मेटले, म्हंजे आमच्या मुकादमाले, सांगितलं, पूर्ण पाह्यली. गाडी गेली, आली, काही झालं नाई. दुसऱ्या दिवशी गेलो तं त्याच पाव मैलात तीन चाव्या खाली पडेल. ठोकल्या. कोणाले काही कळलं नाई." त्यांनी बोटाला लागलेलं तेल पुसलं. "अन् मंग जेवण जाईना. गाडीची शिट्टी ऐकू आली का मी उठून बसो. चौथ्या दिवशी मेटच्या घरी गेलो अन् सांगून टाकलं."

"काय केलं त्यांनी?"

"चहा पाजला. दुसऱ्या दिवशी माझ्यासंगं पूर्ण बीट चालला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मले चार दिवस लागले व्हते. तू तीनात आला."

"बायकोले बोलाव" हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं की माझी परीक्षा पाहायला, हे मी त्यांना पुढे कधीच विचारलं नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मनापासूनच म्हटलं असावं, असं मी धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी दहा वाजता बायको मुलीला घेऊन गावातल्या किराणा दुकानात येऊन बसायची आणि मी एसटीडी बूथवरून तिथं फोन करायचो. त्या दिवशी काकाही बरोबर निघाले. बूथमध्ये दोघं मावत नव्हतो, तरी आत आले. फोन लागला. मी "हॅलो" म्हटलं, पलीकडून मुलीचा काहीतरी आवाज आला, आणि मी नुसतंच "हॅलो, हॅलो" करत राहिलो. काकांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"सूनबाई, मी घरमालक बोलून राह्यलो. मोरीत एक जण राहतो, त्याले पाहून भ्यायचं नाई अन् फिनेल आणायचं नाई. आणखीन एक सांगतो. तुझ्या माणसाले लपवता येत नाई. तीन दिवस लई कोशिश केली त्यानं, नाई जमलं. असा माणूस एकटा ठेवू नये. येऊन जा."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काका दोनदा "हाओ" म्हणाले, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि मला बाहेर ढकलत म्हणाले, "शनवारी येते म्हणे."